लहान ग्रामीण काउंटीचं घरटी मध्यक उत्पन्न कसं काढायचं, आणि पन्नास वर्षांची रेषा कशी जोडायची

अमेरिकेत केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात आउझली नावाची काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आहे. बूनव्हिल हे तिचं मुख्य गाव. २०००च्या जनगणनेत इथे ४,८५८ माणसं आणि १,८९४ घरं होती. त्याच जनगणनेनं दिलेलं घरटी मध्यक उत्पन्न, म्हणजे घरं उत्पन्नाच्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न, होतं वर्षाला १५,८०५ डॉलर आणि दरडोई उत्पन्न १०,७४२ डॉलर.

आता कागद-पेन घ्या. दरडोई उत्पन्नाला लोकसंख्येनं गुणलं की सुमारे ५ कोटी २२ लाख डॉलर येतात. त्यांना १,८९४ घरांनी भागलं की घरामागे साधारण २७,५५० डॉलर. म्हणजे ‘सरासरी’ घर आणि रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं घर यांच्यात पावणेबारा हजारांची तफावत. थोडी बरी कमावती घरं सरासरीला वर ओढून नेतात, आणि निम्म्याहून जास्त घरं त्या आकड्याच्या आसपासही नसतात. दवाखान्याची फी ठरवायची असो, शाळेच्या मदतीचा अर्ज असो की बातमी असो, मध्यक हवा तो यासाठीच.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य, नियोजन किंवा पत्रकारिता शिकणारी आपली बरीच मुलं आहेत. पहिल्याच प्रकल्पात त्यांच्यापुढे हा प्रश्न येतो: अमुक काउंटीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत लोकांचं उत्पन्न वाढलं की घटलं? मोठ्या शहरासाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे. दीड-दोन हजार घरांच्या काउंटीसाठी मात्र प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं. मी हे काम पहिल्यांदा एका अनुदानाच्या अर्जासाठी केलं आणि त्यात चूक केली. ती पुढे सांगेनच, कारण जवळजवळ प्रत्येकाकडून तीच होते.

आधी शब्द पक्के करा

‘हाउसहोल्ड’ म्हणजे एका दाराआड राहणारे सगळे, नात्याचे असोत की नसोत. एकटी राहणारी आजीसुद्धा एक हाउसहोल्ड. या लेखात मी त्याला ‘घर’ म्हणतो. ‘फॅमिली’ म्हणजे एकत्र राहणारी, नात्यातली किमान दोन माणसं. तिला ‘कुटुंब’ म्हणू. कुटुंबांचं मध्यक उत्पन्न सहसा घरांपेक्षा जास्त असतं, कारण एकटी माणसं त्यातून वगळलेली असतात. आउझलीत १९९९ साली कुटुंबांचा मध्यक १८,०३४ होता आणि घरांचा १५,८०५. जुन्या तक्त्यातून कुटुंबाचा आकडा उचलून नव्या तक्त्यातल्या घराच्या आकड्याशेजारी ठेवला की घसरण आपोआप ‘दिसते’. प्रत्यक्षात झालेलं काहीच नसतं.

दुसरा शब्द ‘उत्पन्न’. जनगणना आणि तिच्यानंतर आलेला सर्व्हे करकपातीआधी हाती येणारी रोख रक्कम मोजतात: पगार, धंद्याचा किंवा शेतीचा निव्वळ नफा, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, व्याज, भाडं, रोख सरकारी मदत. फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत), मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा खर्च, करातून परत मिळणारी सवलत, जमीन विकून आलेला नफा यातलं काही मोजलं जात नाही. गरीब काउंटीत हे न मोजलेलं मोठं असतं. म्हणून ‘उत्पन्न’ आणि ‘राहणीमान’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

तुरुंग, वसतिगृहं, वृद्धाश्रम, कामगारांच्या छावण्या यांतली माणसं ‘घरा’त धरत नाहीत. पण दरडोई उत्पन्न काढताना ती लोकसंख्येत असतात. आउझलीला लागून असलेल्या क्ले काउंटीत मँचेस्टरचा संघीय तुरुंग आहे. तिथलं दरडोई उत्पन्न वाचताना हे डोक्यात नसेल तर हिशेब चुकतो.

आकडे कुठून आणायचे

मुख्य स्रोत तीन आहेत.

पहिला, दर दहा वर्षांनी होणारी जनगणना. २०००पर्यंत तिच्यात काही घरांना लांबलचक फॉर्म दिला जाई आणि त्यात उत्पन्न विचारलं जाई. २०००मध्ये देशभरात सुमारे सहातल्या एका घराला तो मिळाला होता; लहान गावांत प्रमाण याहून जास्त होतं. काउंटीनिहाय घरटी मध्यक १९६९, १९७९, १९८९ आणि १९९९ या वर्षांसाठी मिळतो. वर्षं नीट पाहा. जनगणना २०००ची असली तरी प्रश्न आधीच्या वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. तक्त्यात ‘२०००’ लिहून त्या वर्षाचा महागाई निर्देशांक लावला तर पहिल्याच ओळीत चूक झाली. २०१०पासून लांब फॉर्म बंद झाला.

दुसरा, त्याच्या जागी आलेला अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस. तो २००५पासून पूर्ण प्रमाणावर दरवर्षी चालतो. पण एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या ठिकाणांनाच मिळतात. लहान काउंटीसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून एकच आकडा दिला जातो. असा पहिला संच २००५–२००९चा. घरटी मध्यकाचा तक्ता बी१९०१३, आणि किती घरं कोणत्या उत्पन्नगटात आहेत त्याचा बी१९००१. दोन्ही उतरवून घ्या. दुसरा तक्ता लोक विसरतात, आणि खरं काम त्याच्यावरच होतं.

तिसरा, सेन्सस ब्युरोचाच, म्हणजे जनगणना करणाऱ्या संस्थेचाच, ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’ हा कार्यक्रम, थोडक्यात एसएआयपीई. हा नुसता सर्व्हे नाही, हे प्रतिमान, म्हणजे सांख्यिकी मॉडेल आहे. एसीएसचा कच्चा अंदाज, आयकर विवरणपत्रं, फूड स्टॅम्पच्या नोंदी आणि इतर माहिती यांची सांगड घालून तो प्रत्येक काउंटीला दरवर्षी एक आकडा देतो. १९९७पासून तो सलग आहे, त्याआधी तुटक. सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेच्या ‘फ्रेड’ या संकेतस्थळावर काउंटीचं नाव टाकलं की जी रेषा येते ती हीच.

१९९० आणि त्याआधीचे तक्ते मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस या संग्रहात मोफत मिळतात. फक्त नोंदणी करावी लागते. शोधताना नावाऐवजी काउंटीचा पाच अंकी कोड वापरा. आउझलीचा २११८९. नावं सारखी असतात आणि बदलतातही. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि तिचा कोडही ४६११३वरून ४६१०२ झाला. व्हर्जिनियात बेडफर्ड शहर २०१३मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं. कनेटिकटमध्ये तर २०२२च्या आकडेवारीपासून जुन्या काउंट्यांऐवजी नियोजन-विभाग वापरले जातात. केंटकीत ही अडचण नाही. आपल्या काउंटीचं मात्र आधी तपासून घ्या.

पाठीचा कणा कोणता धरायचा

माझं मत स्पष्ट आहे. दीर्घकाळाची तुलना करायची असेल तर जनगणनेची चार वर्षं आणि एसीएसचे एकमेकांत न घुसणारे पंचवार्षिक संच, एवढेच खांब धरा: १९६९, १९७९, १९८९, १९९९, मग २००९–२०१३, २०१४–२०१८, २०१९–२०२३. एसएआयपीईची वार्षिक रेषा मागे फिकट रंगात ठेवा. दोन्ही एकाच रेषेत ओवू नका.

इथेच माझी चूक झाली होती. मी २००५–२००९पासून दरवर्षी येणारे सगळे संच ओळीनं मांडले आणि छान गुळगुळीत चढती रेषा काढली. एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘या दोन ठिपक्यांमध्ये नवीन घरं किती?’ उत्तर देताना लक्षात आलं: २०१७–२०२१ आणि २०१८–२०२२ या संचांत चार वर्षं सामाईक आहेत. फरक पडतो तो २०१७ गेलं आणि २०२२ आलं एवढ्याचाच. रेषा गुळगुळीत होती कारण तीच तीच घरं मी पाच-पाच वेळा मोजली होती.

पंचवार्षिक आकडा आलेखावर मधल्या वर्षावर ठेवा. २००९–२०१३चा ठिपका २०११वर. त्याची किंमत मात्र शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे २०१३च्या डॉलरमध्ये असते. आधीच्या चार वर्षांची उत्तरं ब्युरोनं त्या पातळीला आणलेली असतात. ठिपक्याचं वर्ष एक आणि डॉलरचं वर्ष दुसरं. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळे स्तंभ करा. हे सांगूनही लोक एकच ठेवतात.

कोविडच्या वर्षात उत्तरं कमी आली, म्हणून २०१६–२०२०चा संच भारांकन सुधारून मार्च २०२२मध्ये उशिरा प्रसिद्ध झाला. २०१९–२०२३मध्येही ते वर्ष आहेच. तळटीप द्या.

महागाई काढून टाकणं

आउझलीचेच आकडे घेऊ. १९९९ साली सर्व शहरी ग्राहकांच्या किंमत निर्देशांकाची (सीपीआय-यू, महागाईचं माप) वार्षिक सरासरी १६६.६ होती, २०१०मध्ये २१८.०५६ आणि २०२२मध्ये २९२.६५५.

१५,८०५ × २१८.०५६ ÷ १६६.६ = सुमारे २०,६९०.

१५,८०५ × २९२.६५५ ÷ १६६.६ = सुमारे २७,७६०.

म्हणजे २०१०च्या डॉलरमध्ये दिलेला आकडा २०,६९०च्या खाली असेल तर मधल्या घराची खरेदीशक्ती १९९९पेक्षा घटलेली आहे, मग कागदावर चार हजारांची वाढ का दिसेना.

वर मी साधा निर्देशांक वापरला, कारण तो तोंडी तपासता येतो. पक्क्या कामासाठी सीपीआय-यू-आरएस ही संशोधन-मालिका घ्या. निर्देशांक काढायची पद्धत वेळोवेळी सुधारली गेली, पण अधिकृत मालिका मागे जाऊन दुरुस्त करत नाहीत. ही मालिका आजची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मागे लावते. १९८९ किंवा १९७९शी तुलना करताना दोन्हींतला फरक चांगलाच जाणवतो. १९६९साठी जुना निर्देशांक जोडून घ्यावा लागतो. कोणताही वापरा, पण पूर्ण तक्त्यात एकच पद्धत ठेवा आणि तिचं नाव लिहा.

दहावीचं सूत्र इथे कामाला येतं

कधीकधी तयार मध्यक पुरत नाही. दोन काउंट्या मिळून एकच आकडा हवा असतो, किंवा आकडा इतका डळमळीत असतो की शेजारची काउंटी जोडण्याशिवाय इलाज नसतो. अशा वेळी दोन मध्यकांची सरासरी काढायची नाही, कधीच नाही. मध्यकांची बेरीज होत नाही, घरांची होते. बी१९००१मधून प्रत्येक गटातली घरं मिळवा आणि मध्यक नव्यानं काढा. बालभारतीच्या दहावीच्या बीजगणितात वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्यक काढायला शिकवतात, तीच रीत.

खालचे आकडे मी हिशेबासाठी मनाने घेतलेत. समजा एकूण १,६०० घरं आहेत. १०,००० डॉलरच्या खाली २६०, १०,००० ते १४,९९९मध्ये २३०, १५,००० ते १९,९९९मध्ये १७०, २०,००० ते २४,९९९मध्ये १५०, बाकीची वर. निम्मी घरं म्हणजे ८००. संचित वारंवारता पाहा: २६०, ४९०, ६६०, ८१०. आठशेवं घर चौथ्या वर्गात पडतं. मध्यक वर्गाची खालची मर्यादा २०,०००, त्याआधीची संचित वारंवारता ६६०, वर्गातली घरं १५०, वर्गांतर ५,०००.

२०,००० + (८०० − ६६०) ÷ १५० × ५,००० = सुमारे २४,६६७.

एका काउंटीवर हे करून ब्युरोच्या छापील मध्यकाशी ताडून पाहा. थोडा फरक येणारच, कारण ब्युरो याहून बारीक वर्ग वापरतं. फरक हजार-दोन हजारांवर गेला तर आपलं काहीतरी चुकलंय असं धरा; बहुतेकदा एखादा वर्ग गळलेला असतो.

मध्यक रुंद वर्गात पडला, उदाहरणार्थ ६०,००० ते ७४,९९९, तर सरळ प्रमाण थोडं जास्त उत्तर देतं, कारण तिथे घरं वर्गाच्या खालच्या टोकाशी दाटलेली असतात. गरीब ग्रामीण काउंटीत ही वेळ क्वचित येते.

अनिश्चितता: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बी१९०१३मध्ये अंदाजाशेजारी ‘मार्जिन ऑफ एरर’ छापलेलं असतं. लोक तो स्तंभ पुसून टाकतात, मग फाइल नीटनेटकी दिसते. कृपा करून असं करू नका. लहान काउंटीत पाच वर्षांत मिळून सर्व्हेला मिळणारी घरं शेकड्यांत मोजावी इतकीच असतात. त्यामुळे अंदाज पाच-सहा हजार डॉलरनं इकडेतिकडे असणं नेहमीचंच. ती मर्यादा ९० टक्के विश्वासपातळीची असते; तिला १.६४५नं भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते.

पुन्हा मनाचेच आकडे घेऊ. पहिल्या संचात २८,००० अधिक-उणे ५,२००. पुढच्या, न घुसणाऱ्या संचात ३३,००० अधिक-उणे ६,०००. दोन्ही एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेले. प्रमाण त्रुटी अनुक्रमे ३,१६१ आणि ३,६४७. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: सुमारे ४,८२६. फरक ५,०००. भागाकार १.०४. तो १.६४५च्या वर असता तर वाढ झाली असं ९० टक्के खात्रीनं म्हणता आलं असतं. इथे म्हणता येत नाही. पाच हजारांची, जवळजवळ १८ टक्क्यांची वाढ, आणि तरी म्हणता येत नाही!

अशा वेळी तीन वाटा आहेत. संच आणखी लांबचे घ्या, म्हणजे २००९–२०१३ थेट २०१९–२०२३शी ताडा. किंवा शेजारच्या सारख्या काउंट्या जोडा. आउझलीला ली, ब्रेथिट, पेरी, क्ले आणि जॅक्सन लागून आहेत, पण पेरीत हॅझर्डसारखं मोठं गाव आहे, म्हणून मी ली आणि जॅक्सनपासून सुरुवात करीन. किंवा एसएआयपीई वापरा, ज्याची मर्यादा सहसा अरुंद असते.

ही अरुंद मर्यादा फुकट मिळत नाही. प्रतिमान लहान काउंटीला तिच्यासारख्या इतर काउंट्यांच्या वाटेवर ओढतं, त्यामुळे खरा अचानक धक्का त्यात बोथट होतो. शिवाय २००५पासून प्रतिमानाचा पाया बदलून एसीएसवर आला, म्हणून २००४ ते २००५ ही उडी वाचूच नये. आणि फूड स्टॅम्प वाढल्यानं उत्पन्नावर काय झालं, असा तुमचा प्रश्न असेल तर एसएआयपीई अजिबात घेऊ नका. अशा सरकारी मदतीच्या नोंदी त्याच्या पोटात असू शकतात. उत्तर तुम्हीच आत टाकलेलं असेल.

मधली वर्षं भरायची असतील तर

१९७९ आणि १९८९ यांच्यामध्ये काय झालं, हे कोणी विचारलं तर हाताशी ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसचं काउंटीनिहाय दरडोई वैयक्तिक उत्पन्न आहे, १९६९पासून दरवर्षी. जनगणनेच्या वर्षी मध्यकाचं त्याच्याशी गुणोत्तर काढा, दोन जनगणनांमध्ये ते गुणोत्तर सरळ रेषेत बदललं असं धरा, आणि दर वर्षाच्या दरडोई आकड्याला त्या वर्षीच्या गुणोत्तरानं गुणा. आलेखावर ही वर्षं तुटक रेषेनं दाखवा.

पण त्या दरडोई आकड्यात मेडिकेड आणि मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) खर्चही उत्पन्न म्हणून धरतात. केंटकीनं जानेवारी २०१४मध्ये मेडिकेडची व्याप्ती वाढवली. पूर्व केंटकीतल्या काउंट्यांचं ‘वैयक्तिक उत्पन्न’ त्यामुळे वाढतं, पण कोणाच्याही खिशात रोख जास्त येत नाही. पैसे जातात दवाखान्याला. म्हणून हस्तांतरित रक्कम (सरकारी योजनांतून आलेला पैसा) वजा करूनही एकदा गणित करा आणि दोन्ही उत्तरं जवळ येतात का पाहा. शेतीप्रधान काउंटीत शेतीचा नफा एका वर्षात उणे आणि पुढच्या वर्षी चौपट असू शकतो. तिथे तीन वर्षांची चल सरासरी घ्या.

स्थानिक घटनांच्या उभ्या खुणाही आलेखावर करा. या भागात बर्ली तंबाखू हे पिढ्यान्‌पिढ्या रोख पैशाचं पीक होतं. २००४च्या कायद्यानं तंबाखूचा कोटा, म्हणजे कोणी किती पिकवायचं याची सरकारी मर्यादा, संपला आणि कोटाधारकांना व उत्पादकांना २००५ ते २०१४ या काळात हप्त्यांनी मोबदला मिळाला. ही खूण नसेल तर वाचणारा त्या दहा वर्षांतल्या चढउताराला भलतंच कारण लावेल.

घरं तीच आहेत का

मध्यक वाढला म्हणजे लोकांची कमाई वाढली, असं लिहिण्याआधी एक स्तंभ आणखी जोडा: एकूण घरं. आउझलीची लोकसंख्या २०१०मध्ये ४,७५५ होती, २०२०मध्ये ४,०५१. दहा वर्षांत सातशे माणसं कमी. जाणाऱ्यांत कमी उत्पन्नाची घरं जास्त असतील तर राहिलेल्यांच्या पगारात एक डॉलरही न वाढता मध्यक वर सरकतो. जाणारे तरुण कमावते असतील तर उलट.

दुसऱ्या टोकाला नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी आहे. बाकेन या तेलक्षेत्रातल्या तेलामुळे तिची लोकसंख्या २०१०च्या ६,३६०वरून २०२०मध्ये १४,७०४ झाली. तिथे २००९–२०१३चा पंचवार्षिक आकडा तेलाच्या भरभराटीआधीची आणि नंतरची घरं एकाच टोपलीत घालतो, आणि कामगारांच्या छावण्यांतली माणसं त्यात नसतातच.

हे उलगडायला बी१९००१ पुन्हा उघडा. टक्केवारी बाजूला ठेवून घरांची संख्या पाहा. खालच्या तीन-चार वर्गांतली घरं किती कमी झाली, आणि मधल्या वर्गांत तितकी वाढली का? खालची दोनशे घटली आणि वर पन्नासच वाढली, तर निदान दीडशे घरं वर चढलेली नाहीत; ती एक तर काउंटी सोडून गेली, नाहीतर घरातलं शेवटचं माणूस गेल्यावर बंद झाली. यातलं काय झालं, ते वयानुसार घरप्रमुखांचा तक्ता आणि आयकर विवरणपत्रांवरून काढलेली काउंटी-ते-काउंटी स्थलांतराची आकडेवारी ताडल्यावर बरंचसं कळतं. अर्जात किंवा बातमीत मध्यकाच्या वाक्याला लागूनच घरांच्या संख्येचं वाक्य लिहा.